गाय अनुदानावर मिळेल, खनिजांचे गणित मात्र आपणच मांडायचे

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गाय रानातून येताना हाड तोंडात धरून येते. दावणीला बांधली तर दोरी चघळते, वाळत घातलेले कपडे खाते. काय द्यावं?" विचारणारा बहुतेक वेळा नवा पशुपालक असतो. कापूस-सोयाबीनच्या जोडीला एक-दोन गायी घेतलेल्या असतात, सकाळी त्या गायक्याच्या मागे आखरावरून रानात जातात आणि संध्याकाळी परततात. त्याच्या हातात दुकानातून आणलेली कॅल्शियमची बाटली असते किंवा नाव न कळणाऱ्या पावडरची पिशवी.

हा प्रश्न आज पुन्हा मांडण्याचे कारण म्हणजे आपल्या भागात गायी वाढवण्याचे धोरण सध्या जोरात आहे. ते धोरण दावणीपर्यंत पोहोचले की पुढचे गणित तुमचे. त्यातले सर्वांत दुर्लक्षित गणित खनिजांचे.

बातमी काय आहे

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. विदर्भाचे ११ आणि मराठवाड्याचे ८ असे १९ जिल्हे त्यात आहेत, म्हणजे यवतमाळही आहे. सुमारे १४९ कोटी रुपयांच्या या प्रकल्पात अनुदानावर दुधाळ जनावरे, चारा पिके, कडबाकुट्टी यंत्रे, तसेच प्रजननासाठी आणि दुधातील फॅट-एसएनएफ वाढवण्यासाठी पूरक खाद्य अशा बाबी आहेत. पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला शेतीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला.

दोन्ही निर्णय चांगले आहेत. पूरक खाद्याचा विचार योजनेतच झाला, ही तर विशेष चांगली गोष्ट. पण योजनेतले पूरक खाद्य ठरावीक लाभार्थ्यांना, ठरावीक काळासाठी मिळते. गाय मात्र तुमच्याकडे आठ-दहा वर्षे राहायची असते. आणि योजनेबाहेरची, रानात चरणारी गावठी गाय, गोऱ्हे, कालवडी यांच्यासाठी कोणाचीच पिशवी येत नाही.

२००६ चा धडा विसरू नका

आपल्या जिल्ह्याने हे आधी एकदा पाहिले आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. त्यात अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याचा भाग होता. चारा नाही, पाणी नाही, जवळ दूध घेणारे केंद्र नाही अशा घरांत संकरित गायी गेल्या. काही महिन्यांत त्यातल्या अनेक विकल्या गेल्या. वर्तमानपत्रांतून त्या वेळी यावर बरीच टीका झाली.

त्या अनुभवातून लोकांनी "संकरित गाय आपल्याकडे चालत नाही" असा निष्कर्ष काढला. माझ्या मते तो अर्धाच बरोबर आहे. गाय पहिल्या वेताचे दूध अंगातल्या साठ्यावर देते. हाडांतले कॅल्शियम-फॉस्फरस काढते, अंगावरची चरबी उतरवते. खरी परीक्षा दुसऱ्या वेताची असते. ती वेळेवर माजावर येते का, रेतन केल्यावर उलटते का, गाभण राहते का? साठा भरून काढला नसेल तर गाय इथे अडकते. मग ती भाकड म्हणून बाजारात जाते आणि कर्ज घरी राहते.

चरणारी गाय नेमके काय खाते

खनिज मिश्रण म्हणजे औषध नव्हे. चाऱ्यात जी तूट आहे ती भरून काढण्याची ती वस्तू आहे. त्यामुळे पिशवी घेण्याआधी आपल्या चाऱ्यात काय आहे आणि काय नाही, ते पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यात ज्वारी कमी झाली, तसा कडबाही कमी झाला. त्याची जागा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या कुटाराने घेतली. ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे आणि झुडपे वाढली, जंगलात चराईवर बंधने आली. कापूस वेचून झाल्यावर जनावरे पऱ्हाटीत सोडली जातात. म्हणजे वर्षाचे चित्र साधारण असे असते:

- जून ते सप्टेंबर: बांधावरचे, पडीक जमिनीवरचे आणि रानातले हिरवे गवत.
- ऑक्टोबर ते जानेवारी: पिवळे पडत चाललेले गवत, सोयाबीनचे कुटार, नंतर पऱ्हाटी.
- फेब्रुवारी ते मे: तूर-हरभऱ्याचे कुटार, थोडा कडबा, वाळलेले गवत.

आता यातल्या खनिजांचा हिशोब पाहू. कडधान्याच्या आणि सोयाबीनच्या कुटारात कॅल्शियम बऱ्यापैकी असते. फॉस्फरस मात्र कुटारात आणि वाळलेल्या गवतात अगदी थोडा, साधारण किलोला १ ग्रॅमच्या आसपास. कारण सोपे आहे. पीक पक्व होताना फॉस्फरस पाना-खोडातून दाण्यात जातो. दाणा आपण बाजारात विकतो, गायीला राहते ते कुटार.

त्यात आपली जमीन काळी, चुनखडीयुक्त, विम्ल सामूची. अशा जमिनीत फॉस्फरस आणि जस्त पिकाला सहज मिळत नाही. कपाशीची पाने पिवळी पडली की आपण जस्ताची फवारणी करतो. त्याच जमिनीतले गवत खाणाऱ्या गायीलाही जस्त कमी पडते, हे मात्र लक्षात येत नाही.

म्हणून आपल्याकडच्या चरणाऱ्या जनावरांत तुटीचा क्रम बहुतेक असा लागतो: मीठ, फॉस्फरस, मग जस्त आणि तांबे. कॅल्शियम या यादीत खाली येते. ज्याच्या घरी वर्षभर कुटार आहे त्याने नुसत्या कॅल्शियमच्या बाटलीवर पैसे घालवणे म्हणजे भरलेल्या माठात पाणी ओतणे आहे. जास्त दूध देणाऱ्या, नुकत्याच व्यालेल्या गायीची गोष्ट वेगळी. तिला कॅल्शियम केव्हा आणि किती द्यायचे ते पशुवैद्यकाने ठरवावे.

हाड चघळणारी गाय काय सांगते

हाड, माती, कपडा, प्लास्टिक, चामडे चघळणे याला पशुवैद्यक 'पायका' म्हणतात. फॉस्फरसची तूट हे त्याचे एक मोठे कारण. जनावर हाडाकडे वळते, कारण हाडात फॉस्फरस असतो.

यात एक जुना आणि मोलाचा अनुभव दक्षिण आफ्रिकेचा आहे. तिथल्या कोरड्या चराऊ भागात गुरे अचानक लुळी पडून मरत. १९२० च्या सुमारास सर अर्नोल्ड थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची साखळी उलगडली. गवतात फॉस्फरस कमी, म्हणून गुरे रानात पडलेली हाडे चघळत. त्या हाडांना चिकटलेल्या कुजक्या मांसात बोटुलिझमचे विष असे, त्याने गुरे मरत. गुरांना हाडांचा चुरा खाऊ घालून फॉस्फरसची भूक भागवली, तेव्हा रानातली हाडे चघळणे थांबले आणि मरही थांबली. आज आपण हाडांचा चुरा वापरत नाही. त्याची जागा डायकॅल्शियम फॉस्फेट घातलेल्या खनिज मिश्रणाने घेतली आहे. पण गायीच्या तोंडातले हाड ही गंमत नसून इशारा आहे, हे तेव्हापासून माहीत आहे.

म्हणून तीन गोष्टी लगेच करा.

१. गावाबाहेर मेलेली जनावरे उघडी टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. ज्या वाटेने गुरे जातात तिथली हाडे गोळा करून पुरा. हे काम एकट्याचे नाही, गायक्याला आणि ग्रामपंचायतीला सोबत घ्या.

२. आधी शेणाची तपासणी करून जंतनाशक द्या. पोटात जंत असतील तरी जनावर माती-कपडे खाते. अशा वेळी खनिज मिश्रण जंतांच्याच कामी येते.

३. जनावर अचानक विचित्र वागू लागले, लाळ गाळत असेल, अंगावर येत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात हात घालू नका. पिसाळण्याच्या रोगातही अशी लक्षणे दिसतात. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यक बोलवा.

आणखी एक लक्षण लक्षात ठेवा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गायीची किंवा म्हशीची लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर त्यामागे फॉस्फरसची तीव्र तूट असू शकते, गोचीडतापही असू शकतो. दोन्हींत उशीर जिवावर बेततो. घरगुती उपायात दिवस घालवू नका.

पावसाळ्यात खनिज, उन्हाळ्यात आधी ढेप

नव्या पशुपालकाची सर्वांत मोठी चूक इथे होते. मार्च-एप्रिलमध्ये गायीच्या बरगड्या दिसू लागल्या की तो खनिजाची पिशवी आणतो. महिनाभर देतो, फरक दिसत नाही, आणि "या पावडरीत काही दम नाही" म्हणून सोडून देतो.

फरक दिसत नाही, कारण उन्हाळ्यात चरणाऱ्या गायीची पहिली तूट खनिजांची नसते, प्रथिनांची आणि ऊर्जेची असते. वाळलेल्या गवतात आणि कुटारात प्रथिने इतकी कमी असतात की पोटातले जिवाणू तो चारा नीट पचवूच शकत नाहीत. चारा पोटात पडून राहतो आणि गाय कमी खाते. तिचे वजन वाढतच नसते, त्यामुळे जास्तीचा फॉस्फरस तिला वापरता येत नाही. त्या काळात दिवसाला अर्धा-एक किलो सरकी ढेप जास्त काम करते. ढेपेत प्रथिनांबरोबर फॉस्फरसही असतो, किलोला ६ ते ८ ग्रॅम धरायला हरकत नाही. गव्हाच्या कोंड्यात तो किलोला १० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे उन्हाळ्यात ढेप किंवा कोंडा दिला तर एका दगडात दोन पक्षी.

पावसाळ्यात चित्र उलटे होते. गवत हिरवे, प्रथिने पुरेशी, जनावर भरभर वजन घेते, कालवड वाढते, व्यालेली गाय दुधावर येते. हाड, मांस आणि दूध तयार होत असल्याने फॉस्फरसची मागणी सर्वाधिक असते. गवत हिरवे दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि नेमका तेव्हाच फॉस्फरस अडसर ठरतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या फॉस्फरस कमी असलेल्या चराऊ पट्ट्यातही सल्ला असाच दिला जातो: फॉस्फरसचा पूर्ण फायदा पावसाळी हंगामात मिळतो, कोरड्या हंगामात आधी प्रथिने.

तेव्हा फक्त चरणारे, दूध न देणारे किंवा अगदी थोडे दूध देणारे जनावर असेल आणि पैसा मोजका असेल, तर तो असा लावा:

- जून ते ऑक्टोबर: खनिज मिश्रण आणि मीठ.
- नोव्हेंबर ते जानेवारी: मीठ चालू, गाभण गायीला आणि कालवडीला खनिज मिश्रण चालू.
- फेब्रुवारी ते मे: आधी ढेप किंवा कोंडा, मीठ चालू. ढेप देणे जमत असेल तरच त्यासोबत खनिज मिश्रण.

दररोज पाच लिटर आणि त्याहून अधिक दूध देणाऱ्या गायीला मात्र बारा महिने खनिज मिश्रण लागते. एका लिटर दुधातून साधारण १ ग्रॅम फॉस्फरस आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. ते रोज जाते, मग रोज भरावेच लागेल.

आपल्या पाण्यातले फ्लोराइड आणि स्वस्त पिशवी

यवतमाळच्या पशुपालकाला एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त जपून पाहावी लागते. पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचे अभ्यास २००७ पासून प्रसिद्ध आहेत. माणसांच्या पिवळ्या-तपकिरी दातांची आणि दुखणाऱ्या सांध्यांची चर्चा होते. त्याच बोअरचे पाणी पिणाऱ्या जनावरांची होत नाही.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा माणसांसाठी लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. जनावरांसाठी साधारण २ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी सुरक्षित धरले जाते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर तपकिरी-काळे डाग पडतात, दात लवकर झिजतात, हाडांवर गाठी येतात, जनावर लंगडते, चरणे कमी होते. दात तयार होण्याच्या वयातल्या वासरांना आणि कालवडींना धोका अधिक.

याचा खनिज मिश्रणाशी संबंध काय? मिश्रणात फॉस्फरस कुठून आणला यावर सगळे अवलंबून आहे. चांगल्या मिश्रणात पशुखाद्य दर्जाचे डायकॅल्शियम फॉस्फेट असते. स्वस्तात उरकायचे असेल तर प्रक्रिया न केलेला रॉक फॉस्फेट दळून घातला जाऊ शकतो, आणि त्यात साधारण ३ ते ४ टक्के फ्लोरीन असते.

आकडेमोड करून पाहू. ३०० किलोची गाय दिवसाला साधारण ७ किलो कोरडा चारा खाते. चाऱ्याच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम ही गायीची सहनमर्यादा धरली तर दिवसाला २८० मिलिग्रॅम फ्लोरीन.

- बोअरच्या पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम असेल आणि गाय ४० लिटर पीत असेल तर पाण्यातूनच १६० मिलिग्रॅम.
- भारतीय मानकाप्रमाणे मिश्रणात फ्लोरीन जास्तीत जास्त ०.०७ टक्के. ५० ग्रॅममधून ३५ मिलिग्रॅम. एकूण १९५, मर्यादेच्या आत.
- त्याच ५० ग्रॅम मिश्रणात निम्मा कच्चा रॉक फॉस्फेट असेल तर २५ ग्रॅममधून ३ टक्क्यांनी ७५० मिलिग्रॅम. पाण्याचे धरून ९१०.

रॉक फॉस्फेटमधले सगळे फ्लोरीन अंगात शोषले जात नाही हे खरे. तरी पाण्यातून आधीच अर्ध्याहून अधिक कोटा भरलेल्या गायीला अशी पिशवी खाऊ घालणे म्हणजे पैसे देऊन दुखणे आणणे आहे. याच कारणाने शेतातले खत, मग ते सिंगल सुपर फॉस्फेट असो की डीएपी, "फॉस्फरसच तर आहे" म्हणून जनावराला कधीही देऊ नका.

तुमच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घेता येते. खोल बोअरच्या तुलनेत उथळ विहिरीच्या, नाल्याच्या, शेततळ्याच्या पाण्यात फ्लोराइड कमी असण्याची शक्यता जास्त. पाणी मोजकेच असेल तर कमी फ्लोराइडचे पाणी वासरांना आणि कालवडींना आधी पाजा. स्थानिक बाजारातून कालवड घेताना ओठ उचलून दात पाहा. डाग असलेले, झिजलेले दात दिसले तर ती ज्या गावची आहे तिथल्या पाण्याची चौकशी करा.

पिशवीवर काय वाचावे

खनिज मिश्रणासाठी भारतीय मानक आयएस १६६४ आहे. दुकानात पुढील गोष्टी पाहा.

- आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक आहे का?
- प्रत्येक घटकाची टक्केवारी छापली आहे का? बिनमिठाच्या मिश्रणात कॅल्शियम साधारण २० टक्के आणि फॉस्फरस १२ टक्के असावा. नुसते "सर्व खनिजे युक्त" लिहिले असेल तर पिशवी परत ठेवा.
- फॉस्फरस ३-४ टक्के आणि कॅल्शियम ३० टक्क्यांवर असेल तर ती जवळजवळ चुन्याची भुकटी आहे. आपल्याकडच्या कुटार खाणाऱ्या गायीला तिचा उपयोग कमी.
- फ्लोरीनची कमाल मर्यादा लिहिली आहे का? आपल्या जिल्ह्यात ही ओळ वाचल्याशिवाय पिशवी घेऊ नका.
- जस्त आणि तांब्याचे प्रमाण दिले आहे का?
- उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आहे का?

लाल-तपकिरी चाटण विटांबद्दलही स्पष्ट सांगतो. त्यांतल्या अनेक विटा म्हणजे मुख्यतः मीठ असते, रंग लोहाच्या भुकटीचा. मिठासाठी त्या चांगल्या आहेत. फॉस्फरससाठी त्यांच्यावर विसंबू नका, वेष्टनावरची टक्केवारी वाचा. युरिया-गूळ-खनिज विटा वेगळ्या. त्या कोरड्या चाऱ्यासोबत उपयोगी पडतात, पण सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नयेत आणि पावसात भिजू देऊ नयेत. विरघळलेला युरिया गायीने प्यायला तर विषबाधा होते.

किती आणि कसे द्यावे

| जनावर | खनिज मिश्रण, दररोज |
|---|---|
| वासरू | २० ते २५ ग्रॅम |
| कालवड, भाकड गाय, बैल | ५० ग्रॅमपर्यंत |
| दुधाळ गाय-म्हैस | ५० ते १०० ग्रॅम, दुधाच्या प्रमाणात |
| मीठ, मोठे जनावर | सुमारे ३० ग्रॅम |

मिश्रणात मीठ असेल तर वरचे मीठ त्या प्रमाणात कमी करा. पिशवीवरची मात्रा वेगळी असेल तर तुमच्या दवाखान्यातल्या पशुवैद्यकाला दाखवून ठरवा.

चरणाऱ्या जनावरांना देण्याची सोपी वेळ म्हणजे संध्याकाळ. रानातून आल्यावर पाव किलो ओलसर ढेप किंवा कोंड्यात मिश्रण कालवून ज्याच्या-त्याच्या गव्हाणीत द्या. सगळ्यांना एकत्र दिले तर दांडगी गाय दुबळीचा वाटा खाते. रोज ढेप परवडत नसेल तर गोठ्यात छपराखाली लाकडी पेटी बांधा. त्यात समप्रमाणात मीठ आणि बिनमिठाचे खनिज मिश्रण ठेवा. मिठामुळे जनावर आपोआप थोडेच खाते. मात्र महिनोन्‌महिने मीठ न मिळालेले जनावर पहिल्या दिवशी तुटून पडते, म्हणून पहिला आठवडा हाताने थोडे-थोडे द्या आणि पाणी भरपूर ठेवा.

मेंढ्या असतील तर त्यांना गायीचे मिश्रण देऊ नका, त्यातले तांबे मेंढीला बाधते. एकाच वेळी बाटली, पावडर आणि वीट असे तिन्ही चालू करू नका. काय लागू पडले ते कळत नाही, आणि जास्तीचे कॅल्शियम जस्ताचे शोषण कमी करते.

खर्च परवडतो का

दिवसाला ५० ग्रॅमप्रमाणे वर्षाला एका गायीला १८ किलो २५० ग्रॅम मिश्रण लागते. भाव किलोला १०० रुपये धरला तर १,८२५ रुपये. तुमच्या दुकानातला भाव घालून हिशोब पुन्हा करा.

आता दुसरी बाजू. गाय एकदा माज चुकली किंवा उलटली की २१ दिवस जातात. त्या २१ दिवसांचा चारा-ढेपेचा खर्च दिवसाला ६० रुपये धरला तर १,२६० रुपये. दोनदा उलटली तर २,५२०. शिवाय पुढचे वेत लांबले, त्याचे दूध गेले ते वेगळेच. म्हणजे वर्षात दोन माज वाचले तरी मिश्रणाचा खर्च निघून थोडे उरतात.

पण हे गणित मांडताना स्वतःला फसवू नका. गाय उलटण्याची कारणे अनेक असतात: गर्भाशयाचा दाह, माज ओळखण्यात चूक, रेतनाची वेळ चुकणे, उपासमार. फक्त खनिजांनी सगळे बरे होत नाही. आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. ज्या गायीला पोटभर चाराच नाही तिच्यासाठी १,८२५ रुपयांची आधी ढेप घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

योजनेची गाय दावणीला येते त्या दिवशीच तीन नोंदी करून घ्या: घरचा चारा कोणता आणि किती महिन्यांचा, पाणी बोअरचे की विहिरीचे आणि त्यातले फ्लोराइड, आणि व्यायल्याची तारीख. या तीन ओळींवरून त्या घराला ढेप आधी हवी की खनिज, आणि कोणती पिशवी चालेल, हे ठरवता येते. सर्वांना एकच पिशवी वाटणे सोपे असते, पण आर्णीच्या विहिरीवर पाणी पिणारी गाय आणि पांढरकवड्याच्या बोअरवर पिणारी गाय यांची गरज एकच असेल असे नाही.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि बंगळूरची राष्ट्रीय पशुपोषण संस्था यांनी देशात प्रदेशनिहाय खनिज मिश्रणाचा मार्ग दाखवला आहे. त्या-त्या भागातला चारा तपासून, जे कमी तेच मिश्रणात घालायचे. नव्या टप्प्यातल्या पूरक खाद्याची खरेदी करताना हा विचार आणि फ्लोरीनची तपासणी या दोन अटी लावल्या तर अनुदानाचा पैसा खऱ्या अर्थाने गायीच्या हाडात उतरेल.

आज करण्यासारखे

पिशवी विकत घेण्याआधी एक आठवडा फक्त पाहा. गाय हाड-माती चघळते का? मागचा माज कधी आला होता? दात कसे आहेत? घरात कुटार किती, ढेप किती? दरम्यान मीठ सुरू करा, शेण तपासून जंतनाशक द्या आणि एक बाटली पाणी तपासणीला पाठवा. या सगळ्याला एका पिशवीपेक्षा कमी खर्च येतो. मग दुकानात जा आणि विक्रेत्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. "यात फॉस्फरस किती आणि फ्लोरीन किती?" हे विचारा. उत्तर पिशवीवर छापलेले असेल तरच घ्या.